तिचा तक्ता मी लिहिला

डॉक्टर म्हणाले, शुगर अगदी काठावर आहे. तीन महिने व्यायाम करून बघा, उतरली तर बरंच, नाही तर गोळ्या सुरू करू. माझ्या आईच्या गोळ्या एकदा सुरू झाल्या त्या शेवटपर्यंत सुटल्या नाहीत. तिची गोळ्यांची पिशवी, तिचं पथ्य, तिचे सुजलेले पाय मी पाहिले होते. मला काहीही करून त्या गोळ्या नको होत्या.

सकाळी फिरायला जायचं तर घरातले दोन डबे कोण करणार? म्हणून टीव्हीवर व्हिडिओ लावून घरीच व्यायाम करायचं ठरवलं. एकटीनं जमेना, तेव्हा धाकट्या जावेला म्हटलं, "चल, मला सोबत होईल." तिला ना शुगर ना काही. झरी गावची पोर, लग्नापर्यंत रानात राबलेली. परभणीत येऊन चार वर्षांत थोडी सुटली होती, एवढंच. ओढणी कमरेला बांधून ती लगेच उभी राहिली, माझ्या मागे. थोरलीच्या पुढे उभं राहायचं नाही, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही.

पंधरा दिवस एकच व्हिडिओ केला. सोळाव्या दिवशी ती टीव्हीतली बाई आता काय बोलणार हे मला आधीच पाठ झालं होतं आणि तिच्या हसण्याचाही राग यायला लागला होता. मग मी डोकं चालवलं. जुन्या कॅलेंडरच्या पानामागे तक्ता आखला. सोमवारी घरातल्या घरात चालायचा व्हिडिओ. मंगळवारी वजनं उचलायची. वजनं म्हणजे तुरीच्या डाळीच्या दोन पिशव्या. बुधवारी आसनं, गुरुवारी गाण्यावर नाच, शुक्रवारी एका परदेशी बाईच्या व्हिडिओतल्या उड्या, शनिवारी पुन्हा चालणं, रविवारी आराम. रोज नवं काही असलं की उठावंसं वाटायचं. बुटांचं मात्र जमलं नाही. टीव्ही आणि देवघर एकाच खोलीत. देवासमोर बूट घालून कोण नाचणार? व्यायामासाठी आणलेले नवे कॅनव्हासचे बूट दाराबाहेरच राहिले आणि आम्ही शहाबादी फरशीवर अनवाणी उड्या मारल्या.

डोकं माझं, आणि बारीक झाली ती. दीड महिन्यात तिचे ड्रेस आतून शिवून घ्यावे लागले. माझी साडी मात्र होती तिथेच खोचली जात होती. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "धाकली लय चपळ झाली बघा." थोरलीनं तक्ता आखला हे कुणी सांगत नव्हतं, आणि मी आपणहून कसं सांगणार?

एका शनिवारी आम्ही दोघी पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. नारळवाल्या बाईनं जावेच्या हातात नारळ दिला आणि माझ्याकडे बघून तिला विचारलं, "आईला घेऊन आलीस व्हय गं?" जाऊ घाईघाईनं म्हणाली, "न्हाई ओ, जाऊबाई हायत माझ्या." आमच्यात फक्त नऊ वर्षांचं अंतर! देवासमोर हात जोडले, पण मागितलं काय ते लिहायची आजही लाज वाटते. हिचं वजन पुन्हा वाढू दे, असंच काहीसं ते होतं.

देवानं ऐकलं नाही, म्हणून मीच केलं. आठवडाभर वाट पाहून तिच्यासाठी वेगळा तक्ता लिहिला. "तू तरुण आहेस, तुला हे पुरत नाही," म्हटलं. रोज माझ्यासोबतचं झालं की वर उड्यांचा व्हिडिओ, सातही दिवस. आठ दिवसांत कंटाळून सोडेल, असा माझा हिशोब होता. तिनं तो कागद माझ्या तक्त्याशेजारी फ्रिजवर चिकटवला आणि रविवारीसुद्धा उड्या मारल्या. रविवारी त्या खोलीतून धप धप आवाज यायचा आणि मी पांघरुणात पडून चडफडायचे. शेवटी मीही उठून तिच्या पुढे जाऊन उभी राहायला लागले. माझा आराम तिनं घालवला, याचाही राग तिच्यावरच.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. शुगर उतरली होती. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नकोत, आहे तेच चालू ठेवा. आनंदानं मला रडूच आलं. बाहेर येऊन जावेला सांगावं म्हणून पाहिलं, तर ती बाकावरून उठताना भिंतीला धरत होती. मी हाताला धरून तिला आत नेलं. गुडघा सुजला होता. कडक फरशीवर अनवाणी, रोज, एकही दिवस विश्रांती नाही, डॉक्टर रागावलेच. "कुणी सांगितलं होतं हे?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "माझंच खूळ." मी माझा रिपोर्ट घडी घालून पर्समध्ये ठेवला.

रिक्षात मात्र राहवेना. म्हटलं, "तो तक्ता मी मुद्दाम तसा लिहिला होता. तू सोडावंस म्हणून. मला तुझं बघवत नव्हतं."

ती बाहेर बघतच म्हणाली, "मला ठावं हाय, आक्का. तुमच्या कागदावर रविवारी आराम हाय, माझ्या न्हाई. दोन्ही कागद शेजारीच हायत की."

"मग केलंस कशाला?"

"तुमी माझ्यावर जळायलात, हे दिसायलतं की मला. पण जळायला लागल्यापासून तुमी एक बी दिवस बुडवला न्हाई. आधी दर आठवड्याला दोनदा तरी अंग दुखायलंय म्हणून झोपून ऱ्हायच्या. म्हटलं, रिपोर्ट येवस्तर जळू द्यावं. गुडघा काय, बरा हुईल."

रिक्षा स्टेशनच्या रस्त्याला लागली होती. तिची माफी मागावी, तिला जवळ घ्यावं, असं कुणाही चांगल्या बाईला वाटलं असतं. मला आधी राग आला. एवढं मोठं मन हिला मिळालं आणि मला का नाही, याचा.