डोणीवरची घोडी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. या सदरात लिहिणारे सगळेच अशी सुरुवात करतात आणि मग तीन पानं घाबरवतात, हे मला ठाऊक आहे. पण माझं खरं आहे हो! तिठ्यावर कुणीतरी उतरून टाकलेला नारळ घरी आणून मी त्याची चटणी केली आहे, आणि सोबतच्या लिंबाचं सरबत. दोन्ही चांगलं झालं होतं. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त होऊन कर्जतला राहते, आणि शेजारच्या वहिनी अमावास्येला वाहन घेत नाहीत म्हणून त्यांच्याशी अजून भांडते.

तर अनुभव माझा आहे. आणि त्यातलं भूतही माझंच — म्हणजे मीच तयार केलेलं. तीच तर पंचाईत आहे.

आणीबाणी नुकतीच उठली होती तेव्हाची गोष्ट. मी खालापूर तालुक्यात, चौक आणि मोहोपाडा यांच्या मधल्या एका गावात मास्तरीण होते. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून आहेत आणि माझ्यावर हसतील. सव्वीस घरं, एक विहीर, आणि विहिरीपासून वीस पावलांवर रस्त्याच्या कडेला दगडी डोण. एकाच काळ्या दगडात कोरलेली, माणूस आडवा झोपेल एवढी लांब, तळाशी पाणी सोडायला लाकडी बूच. पूर्वी बैलगाड्या नि टांगे या वाटेनं जायचे तेव्हा जनावरं तिथं पाणी प्यायची. मग एस.टी. आली, टांगे गेले. पण डोण भरायची बारी काही गेली नाही. रोज एका घरानं सकाळी पंधरा कळशा ओतायच्या. आता पिणार कोण, तर शेळ्या, कावळे आणि डोंगरावरून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या ठाकर बाया. तरी भरायची म्हणजे भरायची.

आणि ज्या घराची बारी, त्या घरानं संध्याकाळी डोणीच्या काठावर बसून गोष्ट सांगायची. दिवेलागणीच्या आत संपवायची. सांगणाऱ्याला मध्ये टोकायचं नाही, हा नियम. एवढा कडक की एकदा गोष्ट सांगणाऱ्याच्या पाठीवर विंचू चढला तर लोकांनी नुसत्या खुणा केल्या.

मी भाड्यानं राहत होते, तरी मला सत्ताविसावं घर धरून बारी दिली. पहिल्या खेपेला मी हौद आणि दोन नळांचं कोडं सांगितलं. माणसं जांभया देत बसली. शेवटी सोनाबाय — माझी घरमालकीण — म्हणाली, "बाई, त्यो हौद भरला का नाय त्येवडं सांगा, म्हंजी आमी घरी जातो."

गोष्टींचा राजा होता धाकूकाका. गावातला शेवटचा टांगेवाला. कर्जत स्टेशनातून सवाऱ्या आणून गावोगाव पोचवायचा. आता सत्तरीचा, डोळ्यांनी अधू. बायको गेलेली. मुलगा रामदास रसायनीच्या कारखान्यात कामाला, मोहोपाड्याच्या कॉलनीत क्वार्टर मिळालेली. दर रविवारी यायचा आणि म्हणायचा, "बा, चल आता." आणि काका म्हणायचा, "तितं दारं लावून बसत्यात रं. माज्याशी बोलंल कोण, नळ?" सकाळी डोण भरणाऱ्याशी बोलायचं, दुपारी डोणीपाशी टेकायचं, संध्याकाळी गोष्ट ऐकायची — एवढ्यावर म्हातारा उभा होता.

आणि मग रस्ता रुंद करायचं निघालं. कारखान्यांचे टँकर जायचे होते. ओव्हरसियर आला, टेप लावली आणि डोणीवर चुन्याची फुली मारून मोकळा झाला. तो तरुण माणूस, घाटावरचा, वागायला सरळ. तलाठ्याच्या रिकाम्या खोलीत उतरला होता. रामदासनं त्या रविवारी बापाची ट्रंक उतरवून ठेवली. "आता तरी हितं काय ऱ्हाणार हाय तुजं?" काकानं ट्रंकेकडं पाठ फिरवली. दोन दिवस जेवलाही नाही नीट.

मी चिडले. मी रीतसर अर्ज लिहिला — सदर डोण ही गावाची जुनी ठेव असून तिचं जतन व्हावं, वगैरे. ओव्हरसियरनं अर्ज वाचला आणि विचारलं, "बाई, कोणत्या राजानं बांधली?"

"माहीत नाही."

"शिलालेख?"

"नाही."

"लढाईबिढाई? कुणी थोर पुरुष पाणी प्याला असेल?"

"बैल प्याले!" मी म्हटलं.

"मग कसं करू सांगा. इतिहास दाखवा, मी वर पाठवतो. नाहीतर कागदावर तो दगड आहे." बिचारा नियमानंच बोलत होता, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजे कळशा वाहत नव्हते म्हणून इतिहास नाही म्हणे!

दुसऱ्या संध्याकाळी बारी नेमकी माझी. ओव्हरसियर आणि त्याचा मुकादम चहा पीत समोरच बसलेले. मी काठावर बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा धडधडीत खोटं बोलले.

म्हटलं, पूर्वी या वाटेवर एक तांबडी घोडी होती. डावा कान फाटलेला. वैशाखात एकदा भर दुपारी बाराला ती लांबून तहानेनं व्याकूळ होऊन आली, तर त्या दिवशी एका घरानं बारी चुकवलेली. डोण ठणठणीत कोरडी. घोडीनं आत तोंड घातलं, दगड चाटला आणि तिथंच कोसळली. तेव्हापासून जो कुणी ही डोण कोरडी करील, त्याच्या दारात ती बाराला येऊन उभी राहते. काही करत नाही हं. नुसती बघते.

ते "नुसती बघते" मला फार आवडलं. मनात आणखी एक होतं — घोडी मागच्या उजव्या पायानं लंगडते असं घालायचं. पण म्हटलं, फाटका कान आहे, वर लंगडी कशाला, मसाला जास्त होईल. गाळलं ते. हे लक्षात ठेवा.

जांभई एकही नाही. धाकूकाका मात्र गोष्ट संपताच उठला आणि काठी टेकत घरी गेला. तो कधी असा उठायचा नाही. मला वाटलं, एवढी वाईट झाली की काय?

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमाच्या माणसांनी बूच उपटलं. पाणी सगळं रस्त्यावर गेलं. जेवण झाल्यावर घण घालायचं ठरलं होतं. मी शाळेत सत्तावीसचा पाढा घेत होते, पण लक्ष सगळं त्या घणाकडे. साडेबाराला मधली सुट्टी झाली तशी पदर खोचून धावले.

आणि काय बघते! भर उन्हात ओव्हरसियरसाहेब, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात चप्पल नाही, दोन्ही हातांत पाण्यानं भरलेलं घमेलं घेऊन विहिरीकडून डोणीकडे पळतोय. ओततोय. परत पळतोय. अर्धं पाणी वाटेत सांडतंय. बूच परत ठोकलेलं. सगळा गाव दारात उभा, मुकादम तोंडावर हात ठेवून.

"अहो, हे काय चाललंय?"

"आधी भरू द्या, बाई!" तो ओरडला.

काठोकाठ भरल्यावर तो खाली बसला. सोनाबायनं त्याला गूळ-पाणी दिलं. मग त्यानं सांगितलं. बाराला तो जेवायला बसला तर दारात घोडी. त्याला वाटलं, कुणाचीतरी सुटून आली असेल. हाकललं, हलली नाही. पोळी टाकली, हुंगली नाही. दार लावून घेतलं तर मागच्या खिडकीशी आली. म्हणून त्यानं मुकादमाला हाक मारून विचारलं, "ही कुणाची घोडी रे?" मुकादम खिडकीतून दोनदा डोकावला आणि म्हणाला, "कुटली घोडी, सायेब?"

"मग मी घमेलं उचललं," ओव्हरसियर म्हणाला.

मी म्हटलं, "ऊन लागलंय तुम्हाला. काल गोष्ट ऐकलीत, तीच दिसली. कान फाटका होता ना?"

"होता. डावा."

"बघा! मीच सांगितलं होतं."

"हो, पण बाई..." तो माझ्याकडे रागानं बघायला लागला. "एक तुम्ही सांगितलं नाहीत. लंगडते ती. मागचा उजवा पाय."

मी तिथंच मातीत बसले. पोरांची वर्गात जायची घंटा वाजली तरी उठले नाही. सोनाबायनं उरलेलं गूळ-पाणी मला पाजलं.

संध्याकाळी मी धाकूकाकाकडे गेले. खोटं बोलल्याचं मनात डाचत होतं, आणि निदान एका माणसाला तरी खरं सांगावं असं वाटलं. रामदासनं काढून ठेवलेली ट्रंक अजून ओटीवर तशीच होती. काका तिच्यावरच बसला होता.

"काका, काल मी खोटं बोलले हो. घोडीबिडी काही नव्हती. मनानं रचली मी."

"हिरी," काका म्हणाला.

"काय?"

"हिरी नाव तिचं. शिंगरू व्हती तवा कुत्र्यानं कान फाडला. मागला उजवा पाय जरा वढायची. त्ये पायाचं सांगायचं तुमी इसरलात. म्या म्हनलं आटवन करावी, पन बारीवाल्याला टोकायचं नाय ना मदी."



"काका... तुमची घोडी? पण तुम्ही तर कधी—"

"गावाला वाटतं, उनानं मेली. त्या दिशी बारी माजी व्हती, बाई. बायको माह्येरी, आन मला पहाटं स्टेशनात सवारी घ्यायची व्हती. म्हनलं, एक दिस नाय भरली तर काय व्हतंय. दुपारी आलो तर तिनं त्वांड घातलं, दगूड चाटला..." त्याचे अधू डोळे भरून वाहत होते. "ती पडली, आन म्या काय केलं सांगू? कुनी बगायच्या आत पंदरा कळशा वतल्या. तिच्या मढ्याशेजारी. बायकोला सुदीक सांगितलं नाय कदी. माजी बारी आली का मी दुसऱ्याच गोष्टी सांगतो."

मी त्याचा हात धरून बसले. रडूही आलं, लपवत नाही.

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "सायबानं वतलं ना पानी? प्याली का वं ती?"

आता सांगा, मी काय म्हणणार होते? "प्याली, काका," मी म्हटलं. "अर्धी डोण रिकामी केली." दोन दिवसांत दुसरं खोटं.

"बरं झालं," काका म्हणाला. आणि बऱ्याच दिवसांनी त्यानं भाकरी मागितली.

घरी जाताना मी डोणीपाशी थांबले. दुपारी माझ्या डोळ्यांसमोर काठोकाठ भरलेली. बूच चाचपलं, तर गच्च, बाहेरून कोरडंठाक. आणि पाणी बरोबर निम्म्यावर.

शेळ्या प्याल्या असतील म्हणा. मीही स्वतःला तेच म्हटलं. पण त्या दुपारी गावातल्या एकाही बाईनं आपली शेळी त्या बाजूला सोडली नव्हती.

ओव्हरसियरनं वर कळवलं की सदर जागी खडक अत्यंत कठीण असल्यानं रस्ता थोडा उत्तरेस सरकवावा. खातं ते लगेच मान्य करून बसलं. टँकरवाले तिथल्या वळणाला अजून शिव्या घालतात. धाकूकाका मोहोपाड्याला गेला नाही. रामदासनंच ट्रंक परत माळ्यावर टाकली. पुढच्या बारीला काकानं हिरीची गोष्ट स्वतः सांगितली — कळशांसकट, सगळी. कुणी टोकलं नाही. त्यानंतर तो चार पावसाळे जगला, डोणीपाशीच.

मी पुष्कळ विचार केला. त्याच्या टांग्याची घोडी तांबडी होती हे कधी कानावर पडलं असेल, मान्य. कानाचंही कुणी बोललं असेल. पण कोरडी डोण काकाखेरीज कुणाला ठाऊक नव्हती, आणि लंगडा पाय मी ओठांवर आणलाच नव्हता. गणित सुटत नाही. वाचकांपैकी कुणाला सुटलं तर संपादकांकडे जरूर कळवा, मी वही उघडून बसले आहे.

दर सत्तावीस दिवसांनी कर्जतहून एस.टी. पकडून मी माझी बारी भरायला जाते. वहिनी विचारतात, तुमचा तर विश्वास नाही ना? नाहीच मुळी. पण पंधरा कळशा ओतून झाल्या की बूच नीट बसलंय ना, ते मी दोनदा बघते. आणि बारा वाजायच्या आत तिथून निघते, म्हणजे तिला निवांत पिता येईल.