निरोप न घेणाऱ्या मावशी

समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत गप्प बसू शकेल अशी उभ्या पुण्यात एकच व्यक्ती आहे, आणि ती आमच्याकडे काम करते. हे मी पूर्ण विचारांती लिहिते आहे. कर्वेनगरातलं आमचं केंद्र म्हणजे एका बंगल्याचा तळमजला. सकाळी गाडी जाऊन आसपासच्या आजी-आजोबांना घेऊन येते, दिवसभर त्यांचं जेवण, व्यायाम, गप्पा होतात आणि दुपारी चारनंतर गाडी त्यांना घरी सोडते. मी तिथलं ऑफिस सांभाळते. मावशी तिथे नेमकं काय सांभाळतात हे कुठल्याच कागदावर नाही. पण त्या नसल्या की सगळं सुटतं, एवढं आम्हाला अनुभवाने कळलं आहे.

मावशींचा जन्म शनिवार पेठेतला आणि उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये परगावचे ट्रंककॉल जोडण्यात गेलेली. त्यामुळे जीभ पेठेची आणि कान एक्स्चेंजचे, असं त्यांचं मिश्रण आहे. फोन उचलला की त्या "बोला" म्हणतात आणि नंतर इतक्या शांत होतात की पलीकडचा माणूस घाबरतो. "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का?" असं तो दोन-तीनदा विचारतो. "येतंय. आपण बोलत होतात," असं उत्तर मिळतं. एखाद्याने तक्रार आणली की ती पूर्ण ऐकायची आणि मग आपल्या शब्दांत त्यालाच परत सांगायची, ही दुसरी सवय. एका आजोबांच्या सूनबाई एकदा अर्धा तास बोलल्या. मावशी म्हणाल्या, "म्हणजे सासऱ्यांनी तुमच्या चहाला नाव ठेवलं, आणि तेव्हा तुमच्या यजमानांनी पेपर खाली केला नाही. यातलं वाईट कशाचं वाटलं?" सूनबाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "पेपरचं." सासरे अजून आमच्याकडे येतात आणि चहाला नावं ठेवतात. त्या घरातली तक्रार मात्र पुन्हा आली नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा राग आहे असं नाही, पण विश्वास नाही. आमच्या ग्रुपवर एकदा आमच्या तरुण फिजिओथेरपिस्टने नुसता वर केलेला अंगठा पाठवला, तेव्हा मावशींनी तिला लगेच फोन केला. "आपला अंगठा मिळाला. त्याचा अर्थ काय घ्यायचा? वाचलं, पटलं, की नंतर बघू?" कुठलंही काम घेऊन गेलं की त्या आधी विचारणार, "साधं, अर्जंट की लायटनिंग?" ट्रंककॉलचे हे तीन प्रकार होते म्हणे, आणि लायटनिंग म्हणजे बाकी सगळं थांबवून आधी जोडायचा कॉल. फिजिओथेरपिस्ट तेव्हा जन्मलीही नव्हती, पण आता तीसुद्धा दारातूनच सांगते, "मावशी, साधंच आहे, जेवणानंतर चालेल." अहो-जाहो तर त्या सगळ्यांनाच करतात, अगदी दुधाच्या पिशवीवर डोळा ठेवून कट्ट्यावर बसणाऱ्या मांजरालाही. त्यात एक खोच आहे. राग जितका जास्त, तितका आदर वाढत जातो. केंद्राचे अध्यक्ष एकदा झाडणाऱ्या बाईंवर सर्वांसमोर ओरडले. मावशी त्यांच्यापाशी जाऊन हात जोडून म्हणाल्या, "आपला आवाज फार छान पोचतो. त्यातलं म्हणणं तेवढं पोचलं नाही. आपण बसून सांगाल का?" अध्यक्ष बसले आणि बसल्यावर बरंच हळू बोलले.

पण मावशींचा सगळ्यात मोठा विक्षिप्तपणा म्हणजे त्या कोणाचाही निरोप पोचवायला घेत नाहीत. फिजिओथेरपिस्ट एकदा म्हणाली, "मावशी, प्लीज तुम्हीच सांगा ना वैशालीताईंना, व्यायामाच्या आधी शेक द्यायचा. मला फार ऑकवर्ड होतं." मावशींनी तिचं मनगट धरलं, तिला आतल्या खोलीत आमची मदतनीस वैशाली हिच्यासमोर उभं केलं आणि म्हणाल्या, "बोला. जोडून दिलंय." आणि निघून आल्या. मी म्हटलं, तुम्ही सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. "वाक्य पोचलं असतं हो," त्या म्हणाल्या, "पण ओळख झाली नसती."

हे मला तेव्हा जरा अतीच वाटलं होतं. मग मावशी काही दिवस बहिणीकडे नाशिकला गेल्या.

ही वैशाली यवतमाळकडची. नवऱ्याच्या कारखान्यातल्या नोकरीमागे पुण्यात आली आणि आमच्याकडे आजी-आजोबांना उठवणं, बसवणं, गाडीतून घरात नेऊन सोडणं हे काम करते. गाडी चालवतात ते दत्ताभाऊ. त्यांचं गाव शहरात आलं, शेतावर इमारती झाल्या. पण भाऊंची भाषा अजून बांधावरची आहे. मावशी नसताना एका संध्याकाळी एका आजींना सोडताना सोसायटीच्या फाटकाशी मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले आणि दत्ताभाऊ ओरडले, "ए बाई, उतरव की त्यांना लवकर." सोसायटीतली चार माणसं बघत होती. वैशाली म्हणाली, "मले नाव आहे." दत्ताभाऊ म्हणाले, "असंल." एवढंच झालं, आणि त्या दिवसापासून दोघं बोलेनासे झाले.

एका गाडीतून रोज फिरणारी दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणजे काय होतं, ते मी पाहिलं. दोघंही मला फोन करायची. "म्याडम, त्यान्ला सांगा, उद्या गाडी धा मिन्टं लवकर निघनार हाय," आणि मागून वैशालीचा आवाज ऐकू यायचा, "ताई, सांगा त्यायले, मी आयकलं." मग वैशालीने दुसरी युक्ती काढली. भाऊंना सांगायचं ते ती समोरच्या काचेकडे बघत, कोणालाच न सांगितल्यासारखं सांगायची.

मावशी परत आल्या त्या दुपारी मी त्यांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. "गाडी परत आली की दोघांना चहाला बसवू," म्हणाल्या. पण गाडी परत येण्याआधीच फोन वाजला.

आमच्याकडे एक आजोबा यायचे. निवृत्त चित्रकला शिक्षक, गोड माणूस, पण आठवण विरत चाललेली. ते मुलीकडे राहत. मुलगी आयटी कंपनीत. त्या सकाळी तिने वैशालीला सांगितलं होतं, की आज घराला कुलूप असेल, बाबांना बिबवेवाडीला आत्याकडे सोडा. वैशालीने ते दुपारी गाडीत काचेकडे बघून सांगितलं. तिच्या कानात इअरफोन होता, दत्ताभाऊंना वाटलं ती फोनवर बोलते आहे. पुढच्या थांब्यावर ती एका आजींना वर पोचवायला उतरली. एरवी भाऊ तिच्यासाठी थांबायचे. अबोल्याच्या दिवसांत थांबत नव्हते. त्यांनी आजोबांना नेहमीच्या फाटकात उतरवलं आणि ते पुढे गेले. आजोबांनी कुलूप पाहिलं असावं आणि ते चालू लागले असावेत. तासाभराने आत्यांनी मुलीला विचारलं, दादा कधी येतोय? आणि मुलीने आम्हाला.

मावशींनी तिचं सगळं ऐकलं, "आम्ही शोधतो, दर थोड्या वेळाने मी स्वतः फोन करीन," एवढंच म्हणाल्या आणि दत्ताभाऊंना फोन लावला. भाऊंनी सुरुवात केली, "मावशी, त्यांनी मला काय सांगितलंच न्हाई..." आयुष्यात पहिल्यांदा मी मावशींना कोणाचं वाक्य तोडताना ऐकलं.

"दत्ताभाऊ, हे लायटनिंग आहे. वैशालीबाईंना गाडीत घ्या आणि काय सांगायचं ते त्यांना सांगा. मला आजोबा सापडल्यावर फोन करा."

आणि फोन ठेवला. मी म्हटलं, "मावशी, निदान कुठे शोधायचं ते तरी सांगायचं होतं." त्या म्हणाल्या, "मला कुठे माहीत आहे? असेल तर त्या दोघांनाच असेल." मग त्या पोलीस चौकीला, सोसायटीच्या वॉचमनला, आत्यांना एकेक करून फोन करत राहिल्या. आवाज नेहमीसारखाच होता. टेबलाखाली पाय मात्र हलत होता.

गाडीत काय झालं ते दोघांनी नंतर वेगवेगळं सांगितलं, पण गोष्ट एकच आहे. अबोला आधी वैशालीने मोडला. ती म्हणाली, "आजोबा दुपारी झोपून उठले का म्हणतेत, पोरं वर्गात बसली असतील, मले जाऊ द्या." दत्ताभाऊंनी गाडी बाजूला घेतली. "कालव्याच्या रस्त्याला एक शाळा हाय. तिथनं गाडी गेली की ते रोज खिडकीतनं हात करत्यात. मला वाटायचं, कुनी वळखीचं आसंल."

आजोबा तिथेच होते. शाळेच्या बंद फाटकापाशी, मुलांना न्यायला आलेल्या आयांच्या रांगेत, हात मागे बांधून उभे. त्यांनी दत्ताभाऊंना ओळखलं नाही. "तुमचा कोणत्या वर्गात आहे?" असं मात्र अगत्याने विचारलं.  वैशाली म्हणाली, "सर, आज शाळा सुटली. चला घरी." तेव्हा ते निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी केंद्रात आली. रात्रभर झोपलेली दिसत नव्हती. अध्यक्षांचं म्हणणं होतं, 'झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' असं काहीतरी मोघम म्हणावं, आणि दत्ताभाऊंना कामावरून कमी करावं. मावशी म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, आपण त्यांना जरूर काढावं. मग नवा माणूस येईल. पण आत्ताचे दोघं का बोलत नव्हते ते आपल्याला कळणार नाही, आणि नवा माणूसही एक दिवस बोलेनासा होईल." मग त्यांनी मुलीला बसवलं, दोघांना तिच्यासमोर बसवलं आणि काय झालं ते क्रमाने सांगितलं. काही झाकलं नाही, काही वाढवलं नाही.

मुलगी म्हणाली, "म्हणजे तुम्ही दोघं बोलत नव्हता, म्हणून माझे बाबा रस्त्यावर होते."

 मला वाटलं, आता मावशी सावरून घेतील. त्यांनी घेतलं नाही. त्या नुसत्या बसून राहिल्या, आणि ती शांतता इतकी वाढली की शेवटी दत्ताभाऊ म्हणाले, "व्हय ताई. तसंच झालं." वैशाली डोळे पुसत म्हणाली, "मी त्यायच्याकडे पाहून सांगायले पाहिजे होतं."

"उद्यापासून काय करणार आहात?" मुलीने विचारलं.

दत्ताभाऊंनी विचार केला. "कोन कुटं उतरनार ते वैशालीताई मला तोंडावर सांगतील. मी ते परत म्हनून दाखवीन. मगच चावी फिरवीन."

भाऊंच्या तोंडी वैशालीताई हा शब्द तेव्हा पहिल्यांदा आला. नंतर चहाच्या वेळी मावशींनी मूळ भांडणाबद्दलही दोघांना जोडून दिलं. भाऊ म्हणाले, आमच्यात बहिणीलाही 'ए बाई' म्हणतात, यात एवढं काय ते मला कळलंच नाही. वैशाली म्हणाली, पुण्यात आल्यावर ज्या घरांत काम केलं तिथे सगळे 'ए बाई'च म्हणायचे; मला नाव आहे असं पहिल्यांदा या केंद्रात वाटलं. दत्ताभाऊ कपातल्या चहाकडे बघत म्हणाले, "हे तवाच सांगायचं व्हतं."

मुलीने काही दिवस आजोबांना पाठवलं नाही. तिचंही बरोबरच होतं. मग एका सकाळी ते गाडीतून उतरले, वैशालीचा हात धरून. पुढे वर्षभर ते येत राहिले. गाडी निघताना भाऊ आणि वैशालीचा तो रोजचा पाठ चालायचा, आणि मागच्या सीटवरचे सगळे आजी-आजोबा तो मोठ्याने म्हणू लागले होते.

आता आजोबा येत नाहीत. घराबाहेर पडण्याइतकं भान उरलेलं नाही. मावशी दर शनिवारी त्यांच्याकडे जातात. एकदा मीही बरोबर गेले होते. आजोबा खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. मावशी दारातच थांबल्या. आपलं पूर्ण नाव सांगितलं, कुठून आलो ते सांगितलं आणि विचारलं, "मी थोडा वेळ बसले तर चालेल का आपल्याला?" मुलीने मला हळूच सांगितलं की त्या दर वेळी असंच विचारतात, आणि बाबा दर वेळी त्यांना नव्यानेच भेटतात. आजोबांनी मावशींकडे बराच वेळ पाहिलं. मग मान हलवून म्हणाले, "आज नको." मुलगी संकोचली. म्हणाली, "अहो मावशी, या तुम्ही, त्यांना काही कळत नाही." मावशी म्हणाल्या, "नको म्हणाले ना ते." त्यांनी आजोबांना नमस्कार केला, चपला घातल्या आणि जिना उतरू लागल्या. खाली आल्यावर मी त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलावं असं फार वाटत होतं. त्या रस्त्याकडे बघत होत्या, म्हणून मीही गप्प राहिले, आणि आम्ही दोघी रिक्षा येईपर्यंत तशाच उभ्या राहिलो.