फाटकं आत, धडकं वर

शनिवार, १७ मार्च २००७. पालक पिळायचा होता. शालिनीताईंच्या सिंगापुरातल्या वुडलँड्सच्या फ्लॅटमधलं सिंक लहान, पालकाचा ढीग मोठा, आणि ताई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलेल्या. पोटाशी उशी धरलेली. धुऊन, चिरून, मीठ लावून ठेवलेला पालक मी पंच्यात बांधून पिळत होते.

"पीळ," त्या म्हणाल्या. पिळला. "अजून पीळ."

"आता पाणी संपलं, ताई."

"पालकातलं पाणी संपत नसतं, वैजू. आपला जोर संपतो."

उद्या रविवार होता. महिन्यातून एका रविवारी ताई ग्रीक पद्धतीचा पालकाचा पिटा भाजून, तो घेऊन पुलापलीकडच्या देशात, जोहोरला जायच्या. तिथे त्यांचा मुलगा निखिल क्वालालंपूरहून बसने यायचा. या वेळी ताईंना दारापासून सिंकपर्यंतसुद्धा चालवत नव्हतं. पोटातलं दुखणं यकृतापर्यंत गेलं होतं आणि डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं होतं. निखिलला यातलं काही माहीत नव्हतं. पिटा मी करायचा, मीच पलीकडे न्यायचा, आणि तो ताईंच्या हातचा वाटला पाहिजे, असं ठरलं होतं. म्हणजे त्यांनी ठरवलं होतं.

त्या जूनमध्ये ताई गेल्या. पण मला त्या आठवतात त्या आजारी नाही, करवत घेतलेल्या.

आम्ही त्या ब्लॉकमध्ये राहायला आलो त्या आठवड्यातली गोष्ट. कॉरिडॉरमध्ये एक ठेंगणी बाई लाकडी पडद्याच्या दांड्यावर पाय देऊन तो करवतीने कापत होती. साडी खोचलेली, कपाळावर घाम. मराठी दिसली म्हणून मी विचारलं, "पडदा लहान झाला का?"

"नाही हो. लाटणं मोठं करतेय," त्या म्हणाल्या. "धरा बघू हे टोक."

मी टोक धरलं. आमची ओळख अशी झाली.

त्यांचे यजमान शशिकांतराव बोटीवर इंजिनियर होते. लग्नानंतर ताई त्यांच्याबरोबर एका ग्रीक मालकाच्या मालवाहू बोटीवर गेल्या. ताई शाकाहारी. पहिले काही दिवस पाव, बटाटे आणि अश्रू, असा आहार होता, असं त्याच सांगायच्या. मग कप्तानाच्या बायकोला त्यांची दया आली. तिला इंग्रजी येत नव्हतं, ताईंना ग्रीक. तिने ताईंना हाताला धरून बोटीच्या स्वयंपाकघरात नेलं आणि एका लांब काठीवर मैद्याची पारी गुंडाळून लाटायला शिकवलं. पारी इतकी पातळ, की खालच्या टेबलक्लॉथवरची फुलं दिसली पाहिजेत. अशा पाऱ्या एकावर एक, प्रत्येकीवर तेल किंवा लोणी, मध्ये पालक, कांद्याची पात, खारट चीज आणि शेपू. शेपू बघून ताईंना रडू फुटलं होतं. "माहेरी शेपू केला की मी ताट सरकवायचे," त्या सांगायच्या. "आणि तिथे भर समुद्रात शेपूच्या वासाने मला माणसांत आल्यासारखं वाटलं." अंडं तेवढं त्या वगळायच्या. खरं नाव स्पानाकोपिटा. ताई नुसतं पिटा म्हणायच्या.

नवरा बोट सोडून जुरोंग आयलंडवरच्या कारखान्यात लागला, ताई वुडलँड्सला आल्या, आणि पिटा आमच्या ब्लॉकमध्ये आला. त्याबाबतीत त्या कडक होत्या. बाजारात पालक म्हणून बायाम मिळतो तो आणला तर परत पाठवायच्या. "हा माठ आहे. माठाची भाजी करा." पालकासाठी टेक्का मार्केटला जायचं. चीज परवडलं तर चीज, नाहीतर पनीर "आणि त्यात बिनलाजं मीठ". पारी पंख्याखाली लाटायची नाही, कारण ती वाळून तडकते. पंखा बंद केला की सिंगापूरच्या हवेत ती चिकटते. त्यामुळे त्या बेडरूममध्ये एसी लावून, पलंगाशेजारी टेबल ओढून लाटायच्या आणि लाटलेल्या पाऱ्यांवर ओला पंचा टाकायच्या. एकदा आमच्यातल्या एका बाईने पाऱ्यांमध्ये चिरोट्यासारखा साटा लावला. ताईंनी तो पिटा चावून बघितला आणि म्हणाल्या, "चिरोट्याला दिवाळी काढायची असते म्हणून साटा. याला रविवारची दुपारसुद्धा बघायची नसते."

हाताने लाटलेल्या पाऱ्या फाटतात. कितीही जपलं तरी फाटतात. त्यावर ताईंचा नियम होता, "फाटकं आत, धडकं वर." फाटक्या पाऱ्या मधल्या थरांत घालायच्या, एक अखंड पारी शेवटपर्यंत पंच्याखाली जपून ठेवायची आणि ती सगळ्यांत वर पसरायची. मग वरून पाण्याचा हबका, सुरीने वड्यांच्या रेघा, आणि ओव्हन. खाणाऱ्याला आतलं काही कळत नाही.

हा नियम त्या फक्त पिट्याला लावत नव्हत्या. ब्लॉकमधल्या आम्हा सगळ्यांना वाटायचं, की निखिल क्वालालंपूरला मोठ्या पगारावर आहे आणि कामामुळे त्याला इकडे यायला जमत नाही. गणपतीच्या आरतीला कुणी विचारलं, "निखिल नाही आला?" की ताई म्हणायच्या, "अहो, त्याला मान वर करायला वेळ नाही," आणि विचारणाऱ्याच्या हातावर खिरापत ठेवायच्या. मला खरी गोष्ट कळली ती त्या पहिल्यांदा हॉस्पिटलात गेल्या तेव्हा. कुणाला कळवू विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं.

निखिल लहानपणी इथे आला, इथल्या शाळेत शिकला. वडिलांबरोबर त्यालाही पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, मिळालं. पीआर घेतलं की मुलाला अठराव्या वर्षी इथलं सक्तीचं सैनिकी शिक्षण करावं लागतं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याला बोलावणं आलं तेव्हा पुण्याला इंजिनियरिंगला प्रवेशही मिळाला होता. शशिकांतराव म्हणाले, "पासपोर्ट भारताचा आहे. आपल्याला कोण अडवतंय? शिकून येऊ दे, मग बघू." आपल्याकडे 'मग बघू' म्हटलं की बऱ्याच गोष्टी मार्गी लागतात. इथे लागत नाहीत. मुलगा परवानगी न घेता गेला, आलेल्या पत्रांना कुणी उत्तर दिलं नाही, आणि आता तो या देशात पाऊल टाकेल तर इमिग्रेशनच्या काउंटरवरच अटक होईल अशी स्थिती होती. आईच्या जवळ राहता यावं म्हणून त्याने क्वालालंपूरला नोकरी धरली. ताईंच्या खिडकीतून जोहोरचा पूल दिसायचा. मुलगा त्या पुलाच्या पलीकडच्या टोकापर्यंत येऊ शकत होता. पुढे नाही.

ताईंनी त्याबद्दल सरकारला कधी बोल लावला नाही. "त्यांनी नियम आधी सांगितला होता," त्या म्हणायच्या. "आम्ही कान बंद ठेवले."

तर त्या शनिवारी मी पाऱ्या लाटत होते आणि त्या फाटत होत्या. ताई पलंगावर बसून बघत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. माझे हात पिठाचे, म्हणून मी कोपराने स्पीकर लावला.

"आई, तुझा आवाज असा का येतोय?" निखिलने विचारलं.

"स्पीकर आहे म्हणून."

"बाबा काही सांगत नाहीत. वैजूमावशीचा मेसेज आला, उद्या ती येणार. तू का नाही?"

"पडसं झालंय."

"पडशाला कोणी घरी बसतं का? आई, तू आली नाहीस तर मीच येतो. बसने येतो, काउंटरवर उभा राहतो. लेट देम कॅच, लाह."

"कॅनॉट," ताईही त्याच सिंगापुरी इंग्रजीत म्हणाल्या.

"कॅन."

"निखिल, कॅनॉट म्हटलं ना! उद्या पिटा खा. मग बोल." आणि त्यांनी मला फोन बंद करायची खूण केली.

थोडा वेळ त्या दम घेत बसल्या. मग म्हणाल्या, "अंथरुणाला खिळलेल्या बाईला अशा पाऱ्या लाटता येत नाहीत, हे त्याला माहीत आहे. पिटा बघितला की गप्प बसेल. हट्टी आहे, पण खुळा नाही."

"आणि मी त्याला काय सांगू?"

"काही नको. डबा दे आणि परत ये. तू ऑडिटवाली. तुला खोटं बोलता येत नाही, तोंडावर दिसतं."

मला हे पटत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. माणूस जाणार आहे हे मुलापासून लपवायला पिटा काय कामाचा? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याला कळलं तर तो येईल. आला तर आत जाईल. माझ्यासाठी पोरगं तुरुंगात, हे डोळ्यांसमोर ठेवून मी मरू?"

मी लाटत राहिले.

शेवटी एक पारी अखंड निघाली. काठीवरून उलगडली तेव्हा खालची फुलं स्पष्ट दिसली. ती पंच्याखाली ठेवली. फाटक्या पाऱ्या तेल लावून खाली रचल्या, पालक पसरला, वर पुन्हा फाटक्या. मग ताई म्हणाल्या, "वरची मी घालते."

"ताई, मी घालते ना."

"मी घालते."

मी त्यांना धरून उभं केलं. त्यांनी पारीची दोन टोकं उचलली. पारी ट्रेवर अर्धी आली आणि मधोमध फाटली. सरळ, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

पीठ संपलं होतं. मी म्हटलं, "जोडून घेऊ. तेल लावलं की बसेल."

"ठिगळ भाजल्यावर उठून दिसतं," त्या म्हणाल्या, आणि पलंगावर बसून भिंतीकडे तोंड केलं.

मी तसाच भाजला. संध्याकाळी शशिकांतराव शिफ्ट संपवून आले, गळ्यात कंपनीचा पास तसाच. ओट्यावरच्या ट्रेकडे बघून म्हणाले, "छान झालाय."

"फाटलाय," आतून ताई म्हणाल्या.

"मला नाही दिसत."

"तुम्हाला कधी दिसलं?"

ते हात धुवायला गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

निघताना ताईंनी मला जवळ बोलावलं. "उद्या हा नेऊ नकोस. वरचं बघूनच त्याला कळेल. पालक मिळाला नाही म्हणून सांग."

"बघू," मी म्हटलं, आणि घरी गेले.

रविवारी सकाळी मी आमच्या गाडीची चावी, एक उशी आणि प्लॅस्टिकची पिशवी घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. पिशवी ओकारी आली तर असावी म्हणून. शशिकांतरावांना म्हटलं, "ताईंचा पासपोर्ट द्या." दर महिन्याला जायच्या, व्हिसा होताच.

ताई उठून बसल्या. "हे काय?"

"तो येऊ शकत नाही. तुम्ही जाऊ शकता. गाडीतून उतरायचंही नाही, खिडकीतून पासपोर्ट दाखवायचे. चपला घाला."

"मला असं बघितल्यावर तो इकडे येईल, वैजू."

"मग येऊ नकोस म्हणून तुम्हीच सांगा. तुमचं ऐकतो. माझं आणि पिट्याचं नाही ऐकणार."

शशिकांतरावांनी खाली वाकून त्यांच्या पायांत चपला घातल्या. ते येतो म्हणाले नाहीत, आणि ताईंनीही या म्हटलं नाही. त्यांनी ताईंना उचलून गाडीत बसवलं आणि ट्रे त्यांच्या मांडीवर ठेवला.

पुलावर रांग होती. ताई पूर्ण वेळ ट्रेवर हात ठेवून होत्या.

निखिल बसथांब्यापाशी उभा होता. मला एकटीला शोधत होता. काचेतून आई दिसल्यावर तो आधी हसला, मग जवळ आला आणि त्याचं हसू गेलं. मागचं दार उघडून तो त्यांच्या शेजारी बसला.

"मी आजच येतो," तो म्हणाला. "तुमच्याच गाडीतून. काय व्हायचं ते होऊ दे."

"आलास तर तू आत, मी बाहेर," ताई म्हणाल्या. "तुरुंगापर्यंत मला चालवणार नाही. इथपर्यंत येता येतं. आज आलेच ना? जमेल तोवर येईन. तू पूल ओलांडायचा नाही. शपथ घे."

त्याने घेतली नाही. पण मान खाली घातली, आणि त्या मायलेकांमध्ये तेवढं पुरत असावं. ताईंनी ट्रेवरचा कागद काढला. वरची पारी मधोमध उघडी पडून दोन्ही कडांनी वर वळली होती, लालसर, आतला हिरवा पालक दाखवत.

"आई, हा वरूनच फाटलाय," तो म्हणाला.

"हो," ताई म्हणाल्या. "खा."

मी गाडीतून उतरले, दार लावलं, आणि समोरच्या दुकानात तीन चहा सांगितले.