बांगड्याचे बूट

सिव्हिलमधल्या माणसाला घोडा म्हटलं की नवरदेव आठवतो. मला खूर आठवतात. मी घोडदळात नालबंद होतो, दफेदार म्हणून निवृत्त झालो, आणि नोकरीची सगळी वर्षं घोड्यांच्या पायांपाशी वाकून काढली. लाथा खाल्ल्या, कंबर गेली. पेन्शन घेऊन कणकवलीजवळ गावी आलो तेव्हा वाटलं, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! मालवणच्या किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवणारे लोक माग काढत घरी येतात. "दफेदारानू, नाल मारूचे काय ते रबराचे बूट घेवचे? मोबाईलार दिसतत." मी त्यांना चहा पाजतो आणि आधी शमशेरची हकिकत ऐकवतो. बुटाबद्दल मला जे काही कळतं, ते त्या घोड्यामुळे.

त्या हिवाळ्यात आमच्या रेजिमेंटची घोड्यांची मोहीम कोकणात यायची होती. इन्सुलीपर्यंत ट्रकने आणि तिथून पुढे खोगिरावर. वाटेत माजी सैनिकांना भेटायचं, आणि जे जवान परत आले नाहीत त्यांच्या घरी जायचं, असा आदेश होता. मोहिमेचे प्रमुख एक कॅप्टन साहेब. पशुवैद्यकीय अधिकारी, माणूस उत्तरेकडचा, वयाने माझ्या धाकट्या भावाएवढा. मला घेतलं ते नालबंद म्हणून, आणि जिल्ह्याच्या वाटा आणि बोली येते म्हणूनही.

निघण्याआधी साहेबांनी प्रत्येक घरी फोन केला. काही अडचण आहे का, काही हवं आहे का. मालवणच्या दक्षिणेला खाडीपलीकडे एक वाडी आहे, तिथे पार्वतीकाकी राहतात. सवार दत्तारामची आई. फोनवर त्या म्हणाल्या, "माका काय नको. तो घोडो एकदा दाखवा."

दत्ताराम आमच्या स्क्वाड्रनचा. मासेमारीच्या घरातला, भरतीआधी घोडा फक्त चित्रात पाहिलेला. त्याला शमशेर मिळाला. करडा, उंच, पाठीवर गडद पट्टे. दत्ताराम त्याला बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "उस्ताद, ह्यो तर बांगडो!" झालं. रजिस्टरवर शमशेर आणि तबेल्याच्या लाइनीत बांगडो. संध्याकाळी दाणा देताना तो आईला व्हिडिओ कॉल लावायचा आणि घोड्याचं तोंड फोनवर धरायचा. "आये, एकदा ह्येका घराक हाडतंय," असं प्रत्येक वेळी सांगायचा. मी त्याला चिडवायचो, की बाबा, घोडा काय एसटीने नेणार आहेस? मग तो दुसऱ्या पलटणीबरोबर अटॅचमेंटवर काश्मीरच्या खोऱ्यात गेला आणि तिथे अतिरेक्यांना घातलेल्या एका वेढ्यात कामी आला. घोडा आमच्याकडे राहिला.

शमशेरची ही शेवटची मोहीम होती. परत गेल्यावर त्याला पशुवैद्यांच्या बोर्डासमोर तपासणीला उभं करायचं होतं. धडधाकट निघाला तर निवृत्त होऊन कुणाच्या तरी कुरणात चरायला जाणार. म्हातारा घोडा बोर्डासमोर लंगडत आला तर निर्णय काय होतो, ते मी इथे सांगत बसत नाही. म्हणजे काकीला घोडा दाखवायचा तर आत्ताच, आणि दाखवून पायाला धक्का न लावता परत न्यायचा.

अडचण पायातच होती. वर्षानुवर्षं खिळे ठोकून त्याच्या खुरांच्या कडा चिरल्या होत्या. नवा खिळा मारला की टवका निघायचा. म्हणून साहेबांनी नाल उतरवायला लावले होते आणि तो अनवाणीच चालत होता. रेजिमेंटच्या मऊ मैदानावर मजेत चालायचा. पण आमचा जांभा दगड! आमच्या कातळावर धडधाकट माणसाने अनवाणी चालून दाखवावं, मग बोलू. त्याचा तळवा पातळ होता. एक टोक लागलं, आत रक्त साकळलं, पू झाला, की संपलं.

साहेब म्हणाले, बूट घालू. मी हसलो. लोखंडात हयात गेलेला माणूस मी, घोड्याला रबराचा बूट म्हणजे मला पोरखेळ वाटला. साहेब एवढंच म्हणाले, "हसो मत, दफेदार. नापो." मापायला बसलो आणि हसू गेलं. हे काम सोपं नाही. आधी खूर छाटून कानस मारायची आणि मगच माप घ्यायचं. न छाटलेल्या खुराचं माप म्हणजे वाढलेल्या नखांसकट बोट मोजणं. सगळ्यांत रुंद जागी रुंदी घ्यायची, आणि पुढच्या टोकापासून टाचेच्या कडक काठापर्यंत लांबी. त्याच्या मागची मऊ गादी मोजायची नाही. चारही पाय वेगवेगळे मोजायचे, एकावरून दुसरा धरायचा नाही. बूट निवडताना खुराचा आकार बघायचा, गोल आहे की लांबट. किंमत आणि रंग मागून.

मी माप लिहून दिलं. स्टोअरला आमचे रिसालदार साहेब, फार भला माणूस. पण त्यांनी फौजी डोकं चालवलं. थंडीत दोन मोजे बसावेत म्हणून फौजेत जो तो बूट एक नंबर मोठा मागतो. "घोडा बेचारा बोल नहीं सकता," रिसालदार साहेब म्हणाले, "एक नंबर बडा मंगाओ." आता घोड्याला काय बोटं असतात आत हलवायला? मी समजावलं. ऐकतात थोडेच! चारही बूट मोठे आले.

बूट बरोबर आहे का बघायची रीत अशी: पाय उचलायचा आणि बूट दोन्ही हातांनी पिळायचा. खूर आणि बूट एकत्र वळले तर ठीक. हे बूट खुरावर नुसते गोल फिरले. बदलून मागवायला वेळ नव्हता. मी खोगिराखालच्या नमद्याच्या जाड लोकरी पट्ट्या कापल्या आणि आतून भरल्या. शमशेरला आधी थोडं, मग जास्त, असं चालवून सवय केली. दर थांब्याला बूट काढून आतली वाळू धुवायची, वरच्या पट्ट्याने कातडी सोलली नाही ना ते बघायचं. रात्री कधीच बूट ठेवायचे नाहीत, खूर आत घामेजतो. सपाट रस्त्यावर सगळं निभावलं. इन्सुली ते मालवण घोड्याने एकदाही पाय आखडला नाही, आणि मी मनातल्या मनात रबराची माफी मागितली.

पार्वतीकाकीच्या वाडीला जायच्या दिवशी बाकीची तुकडी पुढे कणकवलीकडे निघाली. मागे राहिलो कॅप्टन साहेब, मी आणि शमशेर. गाडीचा रस्ता खाडीच्या अलीकडच्या काठाला संपतो. पुढे माणसांसाठी साकव आहे, पण इतका अरुंद की समोरून टोपली घेऊन बाई आली तर आपण मागे फिरायचं. घोडा त्यावरून जाणं शक्यच नव्हतं. ओहोटीला खाडी गुडघाभर होते, तेव्हा पाण्यातून न्यायचं ठरलं. पलीकडे चढ, मग कातळ, मग वाडी. साहेब साकवावरून पुढे गेले आणि पाणी दिसावं म्हणून पलीकडच्या दरडीवर उभे राहिले. मी रशी धरून घोडा पाण्यात घातला.

अर्धी खाडी छान गेली. मग गाळ लागला. शमशेरचा पुढचा उजवा पाय आत रुतला, त्याने जोर केला, आणि पाय वर आला तो मोकळाच. बूट गेला. मी घोडा तिथेच उभा केला, हात घालून चाचपलं. हाताला नुसता चिखल. त्यात पाण्याची ओढ बदललेली माझ्या पोटऱ्यांना कळली. भरती लागली होती.

रेडिओ खरखरला. "डेल्टा वन, रुके क्यों? ओव्हर."

"साहेब, पुढचा उजवा बूट गाळात गेला. ओव्हर."

"स्पेअर?"

"नाही."

मग, "बिना बूट कातळ नहीं. पानी बढ रहा है. दस मिनट देखो, नहीं तो वापस. ओव्हर."

"रॉजर."

साहेब बरोबर बोलत होते, आणि मला त्यांचा राग आला. गोणपाट बांधून न्यावं असं मनात आलं, पण जांभा गोणपाटाच्या चिंध्या करतो हे मला ठाऊक होतं. परत फिरलो तर काकीला काय सांगणार? घोडा खाडीपर्यंत आणला होता, पण तुमच्या दारात येऊ शकला नाही? मी वेड्यासारखा गाळ उपसायला लागलो.

थोड्या अंतरावर काकीच्याच वाडीतल्या पाच-सहा बायका तिसऱ्या काढत होत्या. ओहोटीला शिंपल्या काढायच्या आणि बाजारात विकायच्या, हा त्यांचा रोजचा धंदा. त्यातली एक ठसठशीत बाई मघापासून कमरेवर हात ठेवून माझी मजा बघत होती. सुमनवयनी असं तिचं नाव, ते मागून कळलं.

"काय शोधतास, ओ मिलिट्री?"

"घोड्याचो बूट."

सगळ्या जे हसल्या! "ऐकलास गो? घोड्याक बूट! माझ्या घोवाक चप्पल घाल म्हणान सांगान सांगान मी दमलंय!"

"वयनीनू, मागसून हसा," मी म्हणालो. माझा आवाज चढला असावा. "पाणी चढता. ह्यो दत्तारामाचो घोडो. पार्वतीकाकीकडे न्हेतंय."

हसणं जागच्या जागी थांबलं. सुमनवयनीने शमशेरच्या पाठीवरचे पट्टे बघितले. "ह्यो बांगडो?" ती म्हणाली. "अरे मगे आधी सांगूक नको? गप उभो ऱ्हव. तुका गावाचो नाय तो."

त्यांनी टोपल्या काठाला ठेवल्या आणि घोड्यासमोर एक रांग धरली. तिसऱ्या त्या पायाच्या बोटांनी चाचपून काढतात. तसाच तो सगळा पट्टा त्यांनी पायांनी विंचरला. पाणी त्यांच्या मांड्यांपर्यंत आलं, लुगडी भिजली, पण एकही बाई रांग सोडून हलली नाही. मी घोड्याच्या कानाशी काहीबाही बोलत होतो, त्याच्यापेक्षा स्वतःलाच धीर देत होतो.

"गावलो गो!" सुमनवयनी ओरडली. ती कोपरापर्यंत वाकली आणि चिखलाने भरलेला बूट ओढून काढला. आत दोन तिसऱ्या होत्या. त्या तिने आधी आपल्या ओच्यात टाकल्या आणि मग बूट मला दिला.

काठावर घोडा काढून मी पाय धुतला. नमदा वाहून गेला होता. बूट तसाच घातला असता तर चढावर पुन्हा निघाला असता. मी काही मागायच्या आत सुमनवयनीने डोक्यावरची चुंबळ सोडून माझ्या हातात दिली. टोपलीखाली घ्यायचं ते जुनं मऊ सुती कापड. खुराभोवती गुंडाळलं, बूट चढवला, पट्टा आवळला, पिळून बघितला. तसूभरही फिरला नाही. मी रेडिओवर म्हणालो, "साहेब, बूट मिळाला. येतोय. ओव्हर." साहेब दरडीवरून खाली काठाशी आले.

त्या बायकांतल्या अर्ध्यांची नावं मला आजही माहीत नाहीत. त्यांची त्या दिवसाची ओहोटी माझ्यापायी वाया गेली, आणि कुणी त्याचा उच्चार केला नाही. मी त्यांचा जन्मभराचा ऋणी आहे. साहेबांचाही आहे, मला मापायला बसवलं म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्या रबराच्या बुटांचाही आहे.

कातळ शमशेरने असा पार केला जणू रेजिमेंटच्या मैदानावर चाललाय. कान पुढे, मान खाली, पाय टाकताना जरा म्हणून अडखळला नाही. वाडीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी होती.

पार्वतीकाकी पायरीवर बसल्या होत्या. त्यांचे गुडघे दुखण्याने आखडलेले, म्हणून त्या खाडीवर आल्या नव्हत्या. समोरचं खळं, म्हणजे अंगण, ताजं सारवलेलं. मी घोडा खळ्याच्या कडेला थांबवला, इथूनच दाखवावा म्हणून. त्या खांबाला धरून उठल्या, घोड्याकडे खूप वेळ बघत राहिल्या आणि मग माझ्यावर खेकसल्या.

"बघतस काय? त्येच्या पायातला भायर काढ आणि हाड आत. खळा कालच सारवलंय."

मी चारही बूट काढले. कुठे ठेवू ते कळेना, म्हणून घरच्यांच्या चपला होत्या तिथेच, पायरीच्या बाजूला ओळीत ठेवले. शमशेर अनवाणी पायांनी शेणाच्या मऊ खळ्यात शिरला. कॅप्टन साहेबांनीही बूट काढले आणि मोज्यांवर आत आले.

काकीने पाण्याची कळशी आणली. मला वाटलं घोड्याला प्यायला. त्या त्याच्या पायाशी खाली बसल्या, गुडघे दुखतात म्हणून कण्हत बसल्या, आणि म्हणाल्या, "उचल त्येचो पाय."

"काकी, मी धुतंय. तुम्ही कशाक..."

"दत्तूक हाडलो तेव्हा पेटी उघडूक दिल्यानी नाय," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "झिल लांबसून घराक इलो आणि त्येचे पाय धुवचे रवले."

आमच्याकडे लांबून घरी आलेल्या मुलाचे पाय दारातच धुतात. मी पुढचा डावा पाय उचलून गुडघ्यावर धरला. त्यांनी पाणी घातलं, तळहाताने खूर चोळला, तळव्यातला चिखल बोटाने काढला. मग दुसरा. हजारो वेळा मी हे काम केलं आहे, पण तेव्हा मला समोरचं दिसेनासं झालं, ते मी लपवलं नाही. शमशेर एकदाही हलला नाही. चौथा पाय झाल्यावर त्यांनी कळशीतलं उरलेलं पाणी तुळशीत ओतलं आणि पदराला हात पुसले.

"बरा झाला," त्या म्हणाल्या. "आता काय रवला नाय."

कॅप्टन साहेबांना मालवणी येत नव्हती आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. त्यांनी टोपी नीट केली, मोज्यांवरच सावधान झाले आणि घराच्या उघड्या दाराकडे तोंड करून सवार दत्तारामला सॅल्यूट केला. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो आणि मीही केला.