जेवणाआधीची गोळी

मला शुगर निघाली तेव्हा मोताळ्याच्या डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. सकाळी जेवणाआधी एक, संध्याकाळी जेवणाआधी एक. एवढं साधं वाक्य, पण त्यानं माझी झोप अशी उडवली की गावातल्या कुत्र्यांनी राखणीचं काम माझ्यावर सोपवून खुशाल ताणून दिली.

गोळी सुरू झाली ऐन आषाढात. रात्री डोळा लागला न लागला की स्वप्न. एकदा तर रानडुकरांची अख्खी ग्रामसभा माझ्या मक्यात भरली आणि अध्यक्ष म्हणून मलाच बसवलं. दचकून उठावं तर घाम असा, की गादी पिळली असती तर दीड एकर सहज भिजलं असतं. छाती धडधडायची, हात कापायचे आणि मग उजाडेपर्यंत टक्क जागा.

रात्रीची ही थकबाकी दिवसा वसूल व्हायची. न्हाव्याच्या खुर्चीत मी असा घोरलो की त्याचा वस्तरा तालावर चालायला लागला. लोक हसायचे, मीही हसायचो. पण सोयाबीन निघालं आणि एका दुपारी चालत्या ट्रॅक्टरवरच माझा डोळा लागला. ट्रॅक्टर धुरा, म्हणजे मधला बांध, ओलांडून शेजाऱ्याच्या तुरीत शिरला. ट्रॅक्टरलाच तूर खायची हुक्की आली, असं मी गावभर सांगितलं. बायको मात्र हसली नाही. तिनं किल्ली काढून कमरेला खोचली.

"पुरी रात झोपसान, तवाच किल्ली भेटन."

"अवं, हरभरा पेराचा हाय!"

"माहा भाऊ पेरन."

तिचा भाऊ! त्यानं पेरलेली ओळ पाहून साप लाजतात. पण थट्टा बाजूला ठेवतो. एकदा किल्ली गेली की काय होतं, ते मी दोघा-तिघांचं पाहिलंय. माणूस ओट्यावर बसतो, आणि हळूहळू त्याला न विचारताच वावरातलं सगळं ठरायला लागतं. मला ओट्यावर बसायचं नव्हतं.

बाजाराच्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. मी बसायच्या आधीच निकाल दिला. "साहेब, तुमची गोळी झोप खाते."

"संध्याकाळची जेवणाआधीच घेता ना?"

"एकदम टायमावर."

"आणि मग जेवता?"

"जेवतो ना!"

"किती वेळानं?"

"सकाळी धा वाजता."

डॉक्टरांचा पेन हवेतच राहिला. "आणि रात्री?"

"रात्री काऊन? चातुर्मास हाय साहेब. एकभुक्त असतो मी. दिवसातून एकच डाव जेवण. आमच्यात बापाच्या टायमापासून हाय."

म्हणजे गोळी मी जेवणाआधीच घेत होतो. फक्त ते जेवण दुसऱ्या दिवशी उगवायचं.

डॉक्टर आधी हसले, मग चांगलेच गंभीर झाले. पोट रिकामं असलं तरी गोळी आपलं काम करत राहते, रात्री साखर फार खाली जाते, म्हणून तो घाम, ती धडधड, ती स्वप्नं. "एखाद्या रात्री जाग आली नसती तर?" ते म्हणाले. यावर मला काही गंमत सुचली नाही, आणि असं माझं सहसा होत नाही. त्यांनी संध्याकाळची गोळी निम्मी केली आणि रात्रीचं जेवण चुकवायचं नाही, अशी ताकीद दिली.

"मले वाटे, डॉक्टरनं उपासाले चालन अशीच गोळी देल्ली," बाहेर आल्यावर बायको म्हणाली.

"अन् एकभुक्ताचं काय?"

"देवाले मी सांगीन. तुमी भाकर खा."

पहिले काही दिवस सवयीनं जाग यायचीच. पण घाम थांबला, रानडुकरांनी दुसरा अध्यक्ष शोधला आणि एका सकाळी मी उठलो तो ऊन पार अंगणात. बायको दारात उभी होती. तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

पेरणीला ती माझ्याबरोबर आली, माझ्या जांभया मोजायला. धुऱ्यावरच्या बाभळीखाली बसली. मी एकही जांभई दिली नाही. दुसऱ्या फेरीला वळून पाहिलं तर तीच डोक्याखाली हात घेऊन गाढ झोपलेली. तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं, की आषाढापासून या घरात मी एकटाच जागा नव्हतो. माझ्या ट्रॅक्टरचा आवाज तीन तालुक्यांत जातो. त्या दिवशी तो तिच्यापर्यंत पोचला नाही. सगळं वावर पेरून झालं, तरी मी तिला उठवलं नाही.