फोन बॉनेटवर धरा

परवा पालघरला एका ओळखीच्याने बॅटरीवर चालणारी नवी गाडी दाखवली. सुरू झाली तरी कळेना! म्हटलं, बाबा रे, माझ्या कार्यक्रमात फोन केला असतास तर मी काय ऐकलं असतं, कपाळ?

आमच्या छोट्या रेडिओ केंद्रावर मी कितीतरी वर्षं गाड्यांचा कार्यक्रम केला. नियम एकच. दुखणं सांगत बसायचं नाही, गाडी सुरू करून फोन बॉनेटवर धरायचा. बोईसरच्या कारखान्यांतून फोन यायचे, "मॅडम, आवाज आ रहा है क्या?" काही शहाणे विचारायचे, "बाई, तुम्हाला काय कळतं इंजिनातलं?" अरे, जीपवाल्याची पोर आहे मी!

बाबा बोईसर स्टेशन ते तारापूर जीप चालवायचे. रेस सोडली की तिचं इंजिन एक उचकी द्यायचं, मग गप स्लोवर यायचं. बाबांनी तो दोष कधी काढू दिला नाही. "बोलते ती," म्हणायचे. आईच्या आजारपणात ती विकली, आणि पुढे ती कुठे गेली कुणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हापासून सरावलीच्या घरात बाबा माझा प्रत्येक कार्यक्रम रेडिओला कान लावून ऐकायचे. एकदा तरी तिचा आवाज येईल, एवढीच आशा. मला वाटायचं, कसली येतेय! कधीच भंगारात गेली असणार. पण त्यांना तसं सांगायची छाती झाली नाही.

एके दिवशी डोंगराकडच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. "गाडी जुनी हाय, पन चालते. ऐका." त्याने रेस दिली, सोडली. उचकी!

मी माइककडे वाकले. "दादा, बॅटरीखाली काय आहे बघा."

"निल्या चपलेचा तुकडा हाय. तुमाला कसा कलला?"

बॅटरी हलू नये म्हणून बाबांनीच तो कापून घातला होता. तेवढ्यात दुसरी लाइन वाजली, ती मी जोडली. घरच्यांनी कार्यक्रमात फोन करणं बाबांना मुळीच पसंत नव्हतं, त्यांनी कधी केलाही नव्हता.

"नमस्कार, सरावलीहून बोलतोय," ते म्हणाले, अगदी परक्या श्रोत्यासारखे. मग त्या शेतकऱ्याला म्हणाले, "दादा, बंद नका करू. फोन बॉनेटवरच राहू द्या थोडा वेळ."

जाहिरातीची वेळ झाली होती. गेली उडत जाहिरात! मी माझा माइक बंद केला आणि पोटभर रडले. रेडिओवर नुसती जीप चालू होती.