पाय बसला

गुडघा दुखावल्यानं माणूस जातो, हे मला अजून खरं वाटत नाही. माझा मोठा भाऊ तसा गेला.

जळकोटजवळच्या आमच्या शेतात तो काम नसलं तरी दिवसभर असायचा. उन्हाळ्यात बाज अंगणात, थंडीत घोंगडी घेऊन ज्वारीच्या राखणीला. छताखाली झोपच लागत नाही म्हणायचा. चाळिशी उलटली तरी संध्याकाळी हायवेकडेच्या मैदानावर कबड्डी खेळायचा. मी धाराशिवच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. सुट्टीत गेलो की म्हणायचा, "आली का आमची वाळवी! चल, जरा ऊन खा."

त्या संध्याकाळी तो चढाईला गेला, घोट्याची पकड बसली आणि गुडघा आत वळला. गड्यांनी उचलून त्याला हाडवैद्याकडं नेलं. त्यानं पाय ओढला, कट्‌कन आवाज झाला. "बसला," तो म्हणाला आणि बांबूच्या कामट्या बांधल्या. आमच्याकडं 'बसला' म्हटलं की विषय संपतो. एक्स-रे काढावा, असं कुणाच्या मनातही आलं नाही.

बाज आतल्या खोलीत आली. वहिनी त्याला कुशीवरसुद्धा वळू देईना. मी भेटायला गेलो तेव्हा म्हणाला, "पाय बसला, अन् मीबी बसलो. तिकडं तूर फुलात आली आसंल, अन् मी हितं पत्रे मोजतोय." पोटरी ठणकते, असंही म्हणाला. कामट्या आवळल्या असतील, असं सगळ्यांनाच वाटलं.

कामट्या सोडल्या त्या सकाळी मी तिथंच होतो. काठी टेकत तो उंबऱ्याबाहेर आला, वर आभाळाकडं बघून हसला.

"बांधापतूर जाऊन येतो."

"आज अंगणातच फिरा," वहिनी म्हणाली.

"तू अन् तुझं अंगण! कोंबडी हाय का मी?"

फाटकाशी जाऊन तो थांबला. "लई दम लागला," म्हणाला आणि खाली बसला. एका दमात चढाई मारून येणारा माणूस! मला वाटलं, थट्टा करतोय. मग तो कलंडला.

दवाखान्यात नेईपर्यंत तो गेला होता. तिथल्या डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं. लागलेला पाय बरेच दिवस हलला नव्हता, पोटरीत रक्ताची गुठळी झाली, ती फुप्फुसात गेली. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. वहिनी एवढंच म्हणत राहिली, "पण लागलं होतं गुडघ्याला हो. गुडघ्याला."

सावडणं झाल्यावर कबड्डीचे गडी घरी आले. वहिनीनं सतरंजीकडं बोट केलं. "बसा," म्हणाली.

कुणी बसलं नाही. भिंतीला टेकून सगळे उभेच. त्यांतल्या एकानं विचारलं, "वैनी, दादांची बाज भाईर काढू का?"

तिनं मान डोलावली. चौघांनी बाज उचलली आणि अंगणात, उन्हात नेऊन ठेवली.